रम वाढताना

२०२४ च्या दिवाळीत, पाडव्याच्या रात्री, आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर रमची बाटली ठेवली गेली. कपाटामागे नाही, गच्चीवर नाही, वर्तमानपत्रात गुंडाळूनही नाही. टेबलावर, सुपारीच्या डब्याशेजारी. पुढच्या आठवड्यात नात्यातल्या तिघांचे फोन आले. एक जण म्हणाला, "सर, तुम्हीसुद्धा?" (नात्यातलेही मला सरच म्हणतात. छत्तीस वर्षं मास्तरकी केल्याची शिक्षा, दुसरं काय!) फोनवर मला नीट उत्तर देता येत नाही. लगेच समोरचा ओरडतोय असं वाटायला लागतं आणि मग मीही ओरडतो. म्हणून तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत होतो, ते आज लिहितोय. ज्यांना विषयच नको असेल त्यांनी इथूनच परत फिरावं, राग नाही.

माझं म्हणणं असं आहे, की चांगली मुरलेली रम ही शेवटी उसाची वस्तू आहे. आणि ऊस म्हणजे आमच्या कोल्हापूरकडचा जीव की प्राण. ज्यांचं बालपण गुऱ्हाळाच्या धुरात गेलं, त्यांच्या नाकाला रम जेवढी कळेल तेवढी कुणा परदेशी जाणकारालाही कळायची नाही. पण आपण काय करतो? एकतर ती कोलात बुडवतो, नाहीतर गोठ्यात लपवतो. गोठ्याचं पुढे सांगतो.

बाटली पुतण्याने आणली होती, मॉरिशसहून. तो तिथे एका हॉटेलात नोकरीला आहे. २०१७ साली त्याने आम्हा दोघांना तिकडे नेलं होतं, तेव्हा नैऋत्येच्या डोंगरात शामारेल नावाच्या गावी रमचा कारखाना बघितला. २००८ साली सुरू झालेला, भोवती त्यांचाच ऊस. आमची ही गाडीतून उतरली आणि म्हणाली, "अहो, वास बघा, आपल्याकडच्यासारखाच!" आणि खरंच तसाच होता. ताज्या चिपाडाचा, हिरवा, जरासा आंबूस.

तिथे मला पहिल्यांदा कळलं की रम दोन प्रकारची असते. जगातली बहुतेक रम मळीपासून करतात. (मळी म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरतो तो काळा पाक. गुऱ्हाळात काहिलीवरून काढतात ती मळी वेगळी. एका शब्दाला दोन अर्थ, मुलांना शिकवताना मला हे उदाहरण फार उपयोगी पडायचं.) आपल्याकडची बहुतेक रमही मळीचीच. दुसरी रम थेट उसाच्या रसाची. मार्टिनिक नावाच्या फ्रेंच बेटावर तिचं एवढं माहात्म्य आहे, की १९९६ पासून तिला कायद्याने नावाचं संरक्षण आहे आणि बाटलीवर 'जुनी' असं लिहायचं तर निदान तीन वर्षं लाकडी पिंपात राहावं लागतं. शामारेलची रमही रसाचीच. मळी वर्षभर साठवता येते, रस साठवता येत नाही. रस सकाळचा दुपारपर्यंत ठेवला तर काय होतं हे आपल्याकडे शेंबड्या पोराला माहीत आहे. त्यामुळे ही रम फक्त ऊसतोडीच्या हंगामात, तोडलेला ऊस लगोलग गाळूनच करता येते.

भट्टीतून निघते तेव्हा ती पाण्यासारखी पांढरीस्वच्छ असते. रंग येतो तो ओक झाडाच्या पिंपातून. पिंप आतून भाजलेलं असतं, त्यामुळे लाकडातून व्हॅनिलाच्या वासाचं द्रव्य सुटतं, लाकडाचा तुरटपणाही उतरतो. आणि पिंपातून रम उडत राहते. स्कॉटलंडच्या थंडीत व्हिस्की वर्षाला साधारण दोन टक्के उडते. उष्ण बेटांवर सहा-आठ टक्केसुद्धा उडते. ह्या उडणाऱ्या भागाला ते लोक 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. मी घरी येऊन कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. सात टक्के धरले तर २०० लिटरच्या पिंपात सहा वर्षांनी जेमतेम १३० लिटर उरते, बारा वर्षांनी ८४! म्हणजे उष्ण देशातली बारा वर्षं ही थंड देशातल्या बारा वर्षांसारखी नव्हेत. लवकर मुरते, लवकर संपते. कोकणातलं माणूस जसं उन्हाने लवकर रापतं तसं.

त्या मॉरिशसच्या मुक्कामात पुतण्याच्या शेजारचे एक वयस्कर गृहस्थ भेटले. मराठी. म्हणजे पणजोबा रत्नागिरीकडचे, ऊस तोडायला गेलेले. १८३४ पासून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं करारावर मॉरिशसच्या धक्क्यावर उतरली, त्यांतली काही आपली. गृहस्थांची मराठी क्रिओल मिसळलेली, पण 'गणपती' म्हणताना डोळ्यांत पाणी. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. रमचा विषय काढला तर म्हणाले, आमच्या आजोबांना रम माहीत होती, पिंप माहीत नव्हतं. दिवसभर ऊस तोडायचा आणि संध्याकाळी दुकानातली स्वस्तातली घशाखाली ओतायची. मुरलेली ती साहेबाची. मी गप्प बसलो, कारण मला माझ्या घरातलं आठवलं.

असो. आता वाढण्याविषयी, कारण फोनवर एका भाच्याने खवचटपणे विचारलं होतं की सर, आता पेग कसा भरायचा त्याचाही तास घ्या. घेतो की!

पहिलं म्हणजे जेवणाआधी नाही. आपल्याकडची पद्धत अशी की आधी तीन तास बसायचं, शेव-फरसाण आणि तिखट शेंगदाण्यांचा मारा करायचा, आणि जेवण बारा वाजता, तेही कुणाच्या लक्षात राहत नाही. तिखटाने जीभ बधिर झाली की रम काय आणि रॉकेल काय. मुरलेली रम जेवणानंतर द्यावी, थोडी, तीस मिलिलिटर. औषधाच्या बाटलीवरचं मापाचं टोपण असतं ना, ते मी वापरतो. सोबत एखादा कडू चॉकलेटचा तुकडा, भाजलेले काजू, नाहीतर ओल्या खोबऱ्याची कातळी. ओलं खोबरं फार छान लागतं, हा माझा स्वतःचा शोध, पुस्तकात नाही.

पेला लहान आणि वर निमुळता होत जाणारा असावा, म्हणजे वास आत कोंडतो. स्टीलचा पेला नको. स्टीलच्या पेल्याविषयीही पुढे सांगतो.

बर्फ घालायचा नाही. पण इथे एक गंमत आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं की खोलीच्या तापमानाला द्यावी. कुणाच्या खोलीच्या? ते लिहिणारा बसलाय अठरा-वीस अंशांत. आमच्याकडे मे महिन्यात खोली पस्तिशीला असते. त्या तापमानाला पेला नाकाशी नेला तर नुसता अल्कोहोलचा भपकारा येतो, डोळ्यांत पाणी. म्हणून उन्हाळ्यात मी बाटलीला अर्धा तास ओलं फडकं गुंडाळून माठाशेजारी ठेवतो. फ्रीजमध्ये नाही, फ्रीजमध्ये वास मुका होतो.

ओतल्यावर लगेच प्यायची नाही. दहा मिनिटं तशीच ठेवायची. मग नाक पेल्यात खुपसायचं नाही, जरा लांबूनच, तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्यायचा. मग थेंबभर जिभेवर फिरवायची. पहिला घोट भाजतोच, त्यावर मत बनवू नये. दुसऱ्याला कळायला लागतं. हवं तर चमच्याने पाण्याचे तीन-चार थेंब घालावेत, वास मोकळा होतो.

आणि काय काय वास येतात म्हणून सांगू! इंग्रजी पुस्तकांत टॉफी, टोबॅको, लेदर असलं लिहिलेलं असतं. आपल्याला कशाला हवं ते? माझ्या वहीत मी लिहिलंय: आधी ताजं चिपाड. मग काकवी, पण चुलवाणाचा जाळ जरा जास्त झालेली. मग मनुका, जायफळ, जास्त पिकलेलं केळं. शेवटी जिभेच्या कडेला ओल्या सुपारीसारखा तुरटपणा, आणि पेला रिकामा झाल्यावर सकाळी त्यात जुन्या लाकडी पेटीचा वास. पेला रात्री धुवायचा नाही, सकाळी एकदा हुंगून मग धुवायचा. (हिला हे अजिबात पसंत नाही.)

गडद रंगाला भुलू नये हे मात्र सांगायला हवं. जळक्या साखरेचा रंग घालून कालची रम दहा वर्षांची दिसू शकते, आणि बऱ्याच बाटल्यांत वरून साखरही घातलेली असते. तळहातावर दोन थेंब चोळून वाळू द्यावेत. चिकट लागलं तर समजावं. वर्षांच्या आकड्याचंही तसंच. बार्बाडोस, जमैकासारख्या ठिकाणी आकडा लिहिला असेल तर बाटलीतल्या सगळ्यांत लहान रमचं वय ते. पण काही ठिकाणी जुन्यानव्याची सरमिसळ करत जातात आणि मोठा आकडा तेवढा छापतात. म्हणजे वर्गाचं वय सांगताना मास्तरांचं सांगायचं! आपल्या ओल्ड मंकला मात्र मी नावं ठेवणार नाही. १९५४ पासून ती आहे, मळीचीच आहे, गोडसर आहे, आणि तिने कित्येकांच्या थंडीच्या रात्री सोसवल्या आहेत. तिला कोलात घालणाऱ्यांशीही माझं भांडण नाही. पण रसाची, सहा-सात वर्षं पिंपात राहिलेली, एक तृतीयांशाहून जास्त उडून गेलेली रम कोलात ओतणं म्हणजे हापूसचा रस डाळीच्या आमटीत ढवळणं.

आता गोठ्याचं.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, फौजेत होते. १९५९ ला भरती झाले, १९७९ ला हवालदार म्हणून निवृत्त होऊन गावी आले. बर्फात राहिलेली माणसं ती, तिकडे रम मिळायची. दादांनीच मला सांगितलं होतं, की युनिटमध्ये रम मोजून मिळते, सगळे बरोबर बसतात, गाणी होतात, थट्टामस्करी होते आणि मग जेवणाची पंगत. कुणी जास्त घ्यायला लागला तर बाजूचाच त्याला उठवतो. वीस वर्षांत दादांच्या नावावर दारूची एक तक्रार नव्हती.

आमचे वडील माळकरी. दरवर्षी वारी. घरात कांदा-लसूण नाही तिथे रम कुठली! दादांना निवृत्तीनंतर कॅन्टीनची बाटली मिळायची. ती घरात आणली त्या दिवशी वडिलांनी एकच वाक्य म्हटलं, "हे उंबऱ्याच्या आत नको." दादांनी वाद घातला नाही. बाटली गोठ्यात गेली, वैरणीच्या मागे. तिथे एक स्टीलचा पेला होता. संध्याकाळी धार काढायला म्हणून जायचे. अंधारात उभ्या उभ्या, कुणी यायच्या आत, पेला भरून दोन घोटांत. मग दुसरा. बरोबर कुणी नाही, मोजायला कुणी नाही, जेवण नाही. कॅन्टीनची संपली की गावातली. ते १९८८ साली गेले, सत्तेचाळीसाव्या वर्षी. यकृत.

मी तेव्हा काय करत होतो? शाळेत व्यसनमुक्तीवर निबंध लिहून घेत होतो. आमची शाळा साखर कारखान्याच्या गावात. वर्गाच्या खिडकीतून डिस्टिलरीची चिमणी दिसायची, वारा फिरला की मळीच्या पाण्याच्या वासाने मुलं नाक धरायची, आणि मी फळ्यावर लिहायचो, 'दारू: एक शाप'. निम्म्या मुलांच्या बापांची पोटं त्या चिमणीवर आणि निम्म्यांच्या आयांची रड त्या चिमणीतून निघणाऱ्या मालावर. मी गोठ्यात एकदाही गेलो नाही. दादा तिथे आहेत हे ठाऊक असून संध्याकाळी त्या बाजूला फिरकायचंच नाही, हा आम्हा सगळ्यांचा नियम झाला होता. त्याला आम्ही वडीलधाऱ्यांचा मान म्हणायचो.

मी असं म्हणत नाही की पेला लहान असता, टेबलावर असता, तर दादा वाचले असते. तसं म्हणणं सोपं आहे आणि मला ते सिद्ध करता येणार नाही. एकदा शरीर मागायला लागलं की पेला कुठे ठेवलाय ह्याने फरक पडत नाही, तिथे डॉक्टरच लागतो, आणि अशा माणसापुढे बाटली काढूच नये, उघडीही नको आणि झाकलेलीही नको. पण तीच रम, तोच माणूस. वीस वर्षं पंगतीत एक रीत आणि नऊ वर्षं गोठ्यात दुसरी. एवढं मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. ते मला निबंधात लिहिता आलं नाही.

तर पाडव्याची रात्र. पुतण्या म्हणजे दादांचाच मुलगा. वहिनी अठ्ठ्याहत्तरच्या, त्याच टेबलाशी बसलेल्या. पुतण्याने बाटली आणली खरी, पण बॅगेतून काढेना. मीही त्याच्याकडे बघेना. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "काय ते काढ बाहेर. मघापासून बॅगेकडे बघतोयस, तुझ्या बापासारखा."

त्याने काढली. मी टोपणाने मापून तिघांना वाढली, त्याला, सुनेला आणि मला. (हो, सुनेलाही. तिसरा फोन त्याबद्दल होता. तिला विचारलं, ती हो म्हणाली. विषय संपला.) वहिनींनी हात पुढे केला. मला वाटलं आता पेला बाजूला सारतात. त्यांनी तो नाकाशी नेला, बराच वेळ धरला. वहिनींचं माहेर पन्हाळ्याच्या बाजूचं, घरचं गुऱ्हाळ होतं. म्हणाल्या, "हा काहील उतरायच्या आधीचा वास. गुळव्या ओरडतो ना, आता उतरा, तेव्हाचा." पेला खाली ठेवला, प्यायल्या नाहीत. मग म्हणाल्या, "घ्या तुम्ही. दार तेवढं उघडं ठेवा."

दिवाळीचे दिवस, दार उघडंच होतं. तरी पुतण्याने उठून ते आणखी थोडं ढकललं.

आम्ही तिघांनी ते तीस मिलिलिटर तासभर पुरवलं. वहिनी गुऱ्हाळाच्या गोष्टी सांगत होत्या. भेंडीचं पाणी घालून रसाची मळी कशी वर आणायची, काकवी घ्यायला पोरं तांब्या घेऊन कशी रांग लावायची. दादांचं नाव दोनदा निघालं. छत्तीस वर्षांत आमच्या घरात रम आणि दादा हे दोन शब्द एका वाक्यात आले नव्हते.

दुसऱ्यांदा मी कुणालाच विचारलं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडचा आग्रह! जिलबीचा आग्रह ठीक आहे, अगदी पानात वाढून मोकळे होतो आपण. रमचा आग्रह करणं मात्र मला गुन्हा वाटतो. 'आमच्यासाठी एक', 'एवढ्याने काय होतंय', ही वाक्यं ज्याच्या तोंडी येतात त्याने वाढपी होऊ नये. नको म्हणणाऱ्याला कारण विचारू नये, त्याच्यापुढे कोकम सरबत त्याच आकाराच्या पेल्यात ठेवावं. गाडी चालवणाऱ्याला वाढू नये. आणि परवाना काढावा. आपल्या राज्यात घरी प्यायलाही परवाना लागतो, दारू पंचवीस वर्षांखालच्याला देता येत नाही, हे किती जणांना माहीत असतं? मी रीतसर फॉर्म भरून काढला. खिडकीवरचा मुलगा माझाच विद्यार्थी निघाला. बिचारा इतका लाजला, की परवाना त्यालाच हवा असावा असं वाटत होतं.

माझ्या डॉक्टरांचं विचाराल तर ते म्हणतात, न घेतलेली उत्तम. रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्यांचं बरोबर आहे, प्रकृतीला चांगली म्हणून मी ही घेतच नाही, तसं सांगणाऱ्यावर विश्वासही ठेवत नाही. सणाला, माणसं असली तर, टोपणभर. एकट्याने नाही.

बाटली अजून पुरती संपलेली नाही. अर्धी झाली की आत हवा जास्त होते आणि वास हळूहळू उतरतो, म्हणून उरलेली मी एका लहान बाटलीत गळ्यापर्यंत भरून, उभी, उजेडापासून दूर, काकवीच्या बरणीशेजारी ठेवली आहे. कुणी काढा समजून पिऊ नये म्हणून हिने वर चिठ्ठीही चिकटवलीय. परवा सहज बघितलं तर दोन बोटं कमी. मी देवदूतांचा वाटा वगैरे मनात घोळवत होतो, तेवढ्यात ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "केकच्या मनुका भिजवायला मी घेतली थोडी. वहिनींनीच सांगितलं होतं."

त्या चाखायला पुढच्या आठवड्यात येणार आहेत. केक, म्हणजे.